पल्ला

मंदवी बाजाराच्या वळणावर एक माणूस पत्र्याची लांब नळी उजव्या खांद्यावर टेकवून, एक डोळा मिटून आकाशाकडे बघत उभा होता. तोरगुलनं सायकलचा ब्रेक असा करकचून दाबला, की मागून येणारा हातगाडीवाला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत कसाबसा बाजूला वळला. सायकल आडवी झाली. कॅरियरला बांधलेला कुणाचा तरी कुकर सुटून गटाराच्या कडेला गेला. तोरगुलचं तिकडे लक्षच नव्हतं. तो धावत त्या माणसापाशी पोचला, नळीवर हात मारला आणि ओरडला, "खाली घे! आधी खाली घे ती!" तो माणूस भांबावला. चाळिशीचा, अंगाला काजळी लागलेला, सकाळपासून चहासुद्धा मिळाला नसावा असा. "काका, बुखारीच्या धुराड्याची नळी आहे," तो म्हणाला. "आत काजळी धरलीय का ते बघतोय. गेल्या हिवाळ्यात धूर कोंडून मेलो असतो आम्ही सगळे." शेजारचे दोन दुकानदार हसले. मग त्या माणसानं तोरगुलच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "बसा काका. पाणी आणू का?" तोरगुलही हसला. अशा वेळी हसावंच लागतं. "वाकडी आहे नळी तुझी," तो म्हणाला, "दुसरी घे." त्यानं कुकर उचलला, पोचा आलाय का पाहिलं, सायकल उभी केली. पण तिच्यावर बसता येईना. तो तशीच सायकल ढकलत दुकानापर्यंत चालत गेला, आणि चालताना त्याला एकच गोष्ट राहून राहून आठवत होती : येत्या गुरुवारी आपल्या मुलीचं, पलवशाचं विमान आहे.

जुन्या मक्रोरयान वसाहतीच्या बाजारात त्याचं कुकर आणि स्टोव्ह दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. दिवसभर डोक्यावरून विमानं जायची, कारण विमानतळ जवळ होता आणि परदेशी फौजा आल्यापासून काबूलचं आकाश कधी रिकामं राहिलं नव्हतं. तोरगुलचा उजवा कान अर्धा गेलेला, गिऱ्हाईक दोनदा ओरडलं तरी त्याला ऐकू यायचं नाही. पण विमानाची घरघर बाजारात सगळ्यांच्या आधी त्याच्या कानी पडे. हातातला पाना थांबे. उजवा खांदा बोटभर वर जाई, मान किंचित कले, डावा डोळा आपोआप मिटे. विमान गेलं की खांदा खाली येई आणि तो पुन्हा कुकरच्या कडेतला जुना रबर उकरू लागे. गिऱ्हाइकांना वाटे, म्हाताऱ्याला वाताची तक्रार असावी. त्यालाही हे उचकीसारखं वाटत आलं होतं, इतक्या वर्षांत त्यानं त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. विमानात माणसं बसतात हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं निराळं. डाळिंबात दाणे असतात हे ठाऊक असतं, म्हणून येताजाता डाळिंब बघून कुणी दाणे मोजत बसतं का? आता मात्र पलवशानं तिकीट आणून जेवणाच्या दस्तरखानावर ठेवलं होतं, आणि त्या दिवसापासून डोक्यावरून जाणाऱ्या प्रत्येक विमानाला खिडक्या फुटल्या होत्या. एका एका खिडकीत कुणीतरी बसलेलं होतं. कुणी ओठाला रुमाल लावलेला, कुणी मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. तरी खांदा वर जायचा तो जातच होता. तोरगुल त्याच्याकडे आता असा बघू लागला, जसं घरातल्या कुत्र्यानं शेजाऱ्याला चावा घेतल्यावर आपण कुत्र्याकडे बघतो.

खांद्याला ही सवय लागली तेव्हा तोरगुल तेविशीत होता. लोगरच्या डोंगरात मेंढ्या राखणारा, लिहिता-वाचता न येणारा. पण त्याला समोरच्या धारेवरची शेळी गाभण आहे की नाही हे इथून सांगता यायचं, आणि एका दगडाआड तो दिवसभर न हलता बसू शकायचा. एवढ्यावरच मुजाहिदीनच्या कमांडरनं त्याला निवडलं आणि सीमेपलीकडे रावळपिंडीजवळच्या छावणीत पाठवलं. तिथल्या एका मोठ्या अंधाऱ्या पडवीत, छताखाली तारेवरून सरकणाऱ्या दिव्यावर नेम धरत तो शिकला. शिकवणाऱ्यांपैकी कुणी त्याला नाव विचारलं नाही. खांद्यावर ती नळी आली, की जगातलं बाकी सगळं पुसलं जाई. कागदोपत्री तिला स्टिंगर म्हणत, ते लोक तिला नुसती नळी म्हणत. नळीच्या आतल्या डोळ्याला आकाशातली ऊब सापडली की कानाशी बारीक गुंजन सुरू होई, बरणीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखं. ऊब जितकी खरी, गुंजन तितकं घट्ट. तोरगुलला वाटे, ही आपल्याशीच बोलते आहे. आई गेल्यापासून इतक्या जवळ तोंड आणून कुणी त्याच्याशी बोललं नव्हतं.

आणि मग तो दिवस. शरदातली सकाळ, उन्हाला नुकती धार आलेली. रशियनांच्या ठाण्याला रसद घेऊन एक हेलिकॉप्टर खिंडीतून वर आलं, आणि तोरगुल दगडाआडून उठला. त्याला पुढचं फारसं आठवत नसे. ढुसणी आठवे, कानात बसलेला दणका आठवे, आणि आकाशात ओढली गेलेली पांढरी रेघ. रेघ थोडी वळली. वळून जणू विचार केला, आणि मग शिरली. पुढचं आठवे ते सगळं आनंदाचं. लोक त्याला मिठ्या मारत होते, एका म्हाताऱ्यानं त्याच्या उजव्या खांद्याचं चुंबन घेतलं, आणि तो स्वतः इतका हसत होता की त्याला उभं राहता येईना. सगळ्या उतारावर कोबीचे गड्डे पसरले होते. हेलिकॉप्टरमधून ठाण्यासाठी कोबी चालला होता. काही गड्डे बाहेरून जळून आतून भाजून निघाले होते. ते त्यांनी मीठ लावून खाल्ले, गोड लागले. माणसंही होती उतारावर, पण तिकडे दुसरे लोक गेले, बंदुका गोळा करायला. तोरगुल कोबी खात बसला होता. पुढे पलवशा सात-आठ वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, "बाबा, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात खुशीचा दिवस कुठला?" "तू जन्मलीस तो," तो म्हणाला होता, आणि माहरुख, तिची आई, चहा ओतता ओतता समाधानानं हसली होती. ते खोटं होतं. पलवशा जन्मली तेव्हा तो खुश झाला होता, घाबरलाही होता, पण हसून पायातलं बळ गेलं नव्हतं. तसं पुन्हा कधी झालंच नाही. त्याला त्या सकाळची लाज वाटत नसे, पश्चात्तापही होत नसे. लढाई होती, ते गावांवर बाँब टाकत होते. त्याला सलत होतं ते निराळंच : आपल्या जन्मातला सगळ्यात मोठा आनंद असा आहे की तो कुणाला सांगता येत नाही. आधी सांगायला माणसं होती, तेव्हा सगळ्यांना तो ठाऊकच होता. मग ती माणसं एकमेकांच्या उरावर बसली, शहर फोडलं, कुणी मेलं, कुणी दुबईत गेलं, आणि तो आनंद तोरगुलपाशी एकट्याकडे राहिला, लग्नघरातून सगळे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या ढोलासारखा.

पण बुखारीच्या नळीनं मनात जे उघडलं ते हे नव्हे. त्याला दुसरीच नळी आठवली होती. कमांडरनं त्याच्या हाती एकूण तीन दिल्या होत्या. एक लागली. एक चुकली, संध्याकाळच्या वेळी, विमानाऐवजी मावळत्या सूर्याच्या मागे लागून गेली. आणि तिसरी चालवायच्या आधीच त्याला पायात गोळी लागली, म्हणून त्यानं ती चुलतभावाच्या हाती दिली, झरीनच्या. पुढे अमेरिकन लोक ज्या उरल्या होत्या त्या परत विकत घेत फिरत होते तेव्हा झरीनची त्यात होती की नव्हती, हे तोरगुलनं कधी विचारलं नाही. विचारायचं कारणच काय होतं? आता होतं. दुपारीच त्यानं दुकानाला फळी लावली आणि बगरामीच्या मिनीबसमध्ये बसला.

झरीननं तिथे कोंबड्या पाळल्या होत्या. शेडमध्ये तो पिंपात दाणा कालवत होता, भुवयांवर भुसा बसलेला. तोरगुलला बघून त्यानं हात पुसायच्या आधीच मिठी मारली. "लाला! मुलगी परदेशात चाललीय म्हणे! शिरा कुठेय?" तोरगुल म्हणाला, "झरीन, ती नळी कुठे आहे?" "कुठली नळी?" "मी तुला दिली होती ती." झरीननं पिंपातला हात थांबवला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू म्हातारा चळलाय. "अल्ला! त्याला पोरांची पोरं झाली, लाला. ती मी कमांडरला परत दिली. माझ्यानं काय ती वागवली जाणार होती? मला तर गुलेलीनं कावळा मारता येत नाही." "आणि कमांडरनं?" "कमांडरनं तिच्या बदल्यात गाडी घेतली कुणाकडून तरी. ती लाल, बिनदाराची. आठवते का? दार नाही म्हणून त्याची धाकटी बायको बसायला तयार नव्हती." झरीन हसू लागला. तोरगुल हसला नाही. "गाडी कुणी दिली?" "मला काय ठाऊक! इराणकडचा असेल, कुणी स्मगलर असेल. आता कुणाच्या कणगीत पडली असेल, नाहीतर नदीत. पण तुला काय करायचीय?" झरीननं त्याचा हात धरून त्याला पोत्यावर बसवलं. "अरे, त्या मेल्या केव्हाच. आत बॅटरी असते ती नासते, तूच सांगायचास ना? माझं अंडं महिनाभर टिकत नाही, आणि ती काय टिकणार इतकी वर्षं?" "अंडं नासलंय हे फोडल्याशिवाय कळतं का?" तोरगुलनं विचारलं. झरीननं डझनभर अंडी भुशात घालून बांधून दिली आणि मिनीबसपर्यंत सोडायला आला. बस सुटताना बाहेरून खिडकीत वाकून म्हणाला, "मुलीला उकडून दे वाटेत!" तोरगुलला पहिल्यांदाच नीट कळलं की झरीनला काहीच ठाऊक नाही, कमांडर मेलेला आहे, गाडीवाल्याचं नाव नाही, आणि आता जगात विचारायला कुणी उरलेलं नाही. अंडी मांडीवर घेऊन तो बसला. खड्ड्यात गाडी आपटली की तो पिशवी दोन्ही हातांनी अधांतरी उचलून धरी.

पलवशा दातांची डॉक्टर व्हायला कझाकस्तानात, अलमातीला निघाली होती. सरकारी शिष्यवृत्ती, वसतिगृह, सगळं तिनं एकटीनं खटपट करून मिळवलेलं. तिथे लागणारी रशियन भाषा मात्र ती खालच्या मजल्यावरच्या दगरवाल शाहपूरकडून शिकली होती. दगरवाल म्हणजे कर्नल. तो कम्युनिस्ट सरकारच्या हवाईदलात मालवाहू विमान चालवायचा, सोव्हिएत संघात फ्रुंझेला शिकून आलेला, त्या इमारतीत रशियनांच्या काळापासून राहत होता. मुजाहिदीन शहरात आले तेव्हा आपल्याला घरातून ओढून नेतील म्हणून तो सहा महिने कपाटामागे झोपला, आणि पुढे त्याच जिन्यात वरच्या मजल्यावर एक मुजाहिद आपल्या बायको-मुलीसह राहायला आला. पहिली दोन वर्षं दोघं जिन्यात एकमेकांना सलामही करत नव्हते. मग माहरुख आजारी पडली, इमारतीत गाडी फक्त दगरवालकडे होती, आणि तिला इस्पितळात नेता-आणता दोघांचं बोलणं सुरू झालं. ती गेली तरी ते थांबलं नाही. दगरवाल त्याला "मुजाहिद" म्हणे, तोरगुल त्याला "कॉम्रेड". एकदाच, चहा पिताना, दगरवालनं न विचारता सांगितलं होतं की खोस्तकडून येताना त्याच्या विमानामागे एक नळी लागली होती. "मागून कुणी नावानं हाक मारावी ना, तसं वाटलं," तो म्हणाला होता. "आणि ती सूर्याकडे निघून गेली. मी पुढे पुष्कळ वर्षं त्या माणसाचा विचार करायचो. राग नाही हं. खरं सांगू? माझ्याकडे इतकं लक्ष देऊन जन्मात कुणी पाहिलं नाही. बायकोनंसुद्धा नाही." तोरगुलनं आपला कप खाली ठेवला होता. महिना कुठला, वेळ कुठली, असं त्यानं विचारलं नाही. दगरवालनंही विचारलं नाही. "चहात साखर कमी पडलीय," एवढंच तोरगुल म्हणाला. "तुम्हा लोकांकडून काही धड झालंय का कधी," दगरवाल म्हणाला, आणि दोघांनी तो विषय तिथेच, कपांच्या मध्ये, झाकून ठेवला.

बगरामीहून तो घरी आला तेव्हा पलवशा फरशीवर बॅग उघडून बसली होती. वाळवलेली तुती, दोन स्वेटर, आईची शाल. तोरगुलनं अंडी ओट्यावर ठेवली आणि बूट न काढताच म्हणाला, "तू बसनं जा." तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कुठे बसनं?" "अलमातीला. उत्तरेकडून रस्ता आहे. सालंगचा घाट ओलांडला की हैरतानची सीमा, मग नदीवरचा पूल." पलवशा हसली. "बाबा, सालंगच्या रस्त्यावर काय गुलाब अंथरलेत? गेल्या महिन्यात तुम्हीच मला मझारच्या लग्नाला जाऊ दिलं नाही, रस्ता वाईट म्हणून." "मग पुढच्या वर्षी जा." तिचं हसू हळूहळू विझलं. तिनं हातातला स्वेटर घडी घालून बॅगेत ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा घडी घातली. "असं सांगा ना," ती शेवटी म्हणाली, "की तुम्हाला मला जाऊच द्यायचं नाही. सगळे म्हणतच होते, आईवेगळी पोर आहे, ऐन वेळी बाप मागे फिरेल. मी म्हणायचे, माझे बाबा तसले नाहीत." तोरगुलच्या तोंडात शब्द आले. ते बाहेर काढायचे तर त्यांच्यामागून नळी आली असती, नळीमागून उतार, उतारावरचे कोबीचे गड्डे आणि ते हसणं. मुलीपुढे ते हसणं कसं ठेवायचं? "विमानं पडतात," एवढंच तो म्हणाला. "आणि कुकर फुटतात," पलवशा म्हणाली. "म्हणून लोकांनी शिजवायचं सोडलंय का?" मग तिचा आवाज फाटला आणि ती मोरीत जाऊन तोंड धुऊ लागली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तोरगुल तसाच बुटांनिशी उभा होता. तो खोट्या कारणानं वाईट बाप ठरत होता, आणि त्याला वाटलं, खरं कारण सांगितलं तर कसला ठरू?

तो खाली दगरवालकडे गेला. दगरवाल पाय गरम पाण्याच्या टोपात बुडवून बसला होता. तोरगुलनं त्याला सगळं सांगितलं, तिसरी नळी, लाल गाडी, बगरामी. दगरवालनं मध्ये एकही टोमणा मारला नाही, यावरूनच तोरगुलला समजलं की तो मनावर घेतो आहे. "तुम्ही तिला थांबायला सांगा," तोरगुल म्हणाला. "तुमचं ऐकते ती." "नाही सांगणार." "कॉम्रेड, तुमच्या पाया पडतो." "माझे पाय ओले आहेत. मुजाहिद, ऐक. तुझी ती नळी मेली. बॅटरी मेली, आतला डोळा मेला. सगळं मेलंय." "हे तुम्ही शपथेवर सांगता?" दगरवालनं टोपातले पाय हलवले. म्हातारा देवाला मानत नव्हता, त्यामुळे शपथेच्या बाबतीत फार काटेकोर होता. "नाही," तो शेवटी म्हणाला. "शपथेवर नाही सांगत. शपथेवर एवढंच सांगतो की ती पोर इथे राहिली तर तुझे कुकर घासत म्हातारी होईल." त्यानं पाय टोपातून बाहेर काढले, एकेक करून पुसले. "तिला तू भीती म्हणून काय सांगितलंस?" "विमानं पडतात म्हणालो." "बापांनी असंच सांगायचं असतं," दगरवाल म्हणाला. "ते ठीक आहे. तेवढंच राहू दे तिच्यापाशी."

गुरुवारी सकाळी इमारतीतल्या बायका दारात आल्या. पलवशाला कुराणाखालून नेलं, सुखरूप परतावी म्हणून तिच्या टॅक्सीमागे तांब्याभर पाणी ओतलं. विमानतळावर निरोप द्यायला आत जाता येत नाही, गाड्यांच्या आवारातच सगळं उरकायचं असतं. तिथे शंभर घरं रडत होती, आणि त्यांच्या मधून हमाल बॅगा ओढत होते. पलवशानं डोक्यावर आईची शाल घेतली होती. दोन दिवस ती तोरगुलशी मोजकंच बोलली होती, मीठ, पाणी, किल्ली. आता तिनं त्याचा हात धरून कपाळाला लावला आणि म्हणाली, "औषध घ्या वेळेवर. कानाचं सुद्धा." "घेईन." "रोज फोन करीन." "रोज नको, महाग पडतो." "बाबा, तुम्ही रागावलात?" तोरगुलनं नाही म्हणून मान हलवली. त्याला वाटलं, आता बोलायला हवं. आता नाही तर केव्हाच नाही. पण तेवढ्यात हमाल ओरडला, तिची बॅग उचलली गेली, आणि ती बॅगेमागे धावली, मागे वळून, उलटी चालत, शाल सावरत. त्याला एवढंच सुचलं. तो ओरडला, "खिडकीशी बसू नकोस!" "काय?" तिनं कानाला हात लावला. "खिडकीशी!" "हो, खिडकीशीच आहे!" ती हसून ओरडली, आणि दाराआड गेली.

घरी परतल्यावर इमारतीच्या गच्चीवर चढायला दगरवालला पुष्कळ वेळ लागला, दर मजल्यावर तो गुडघ्यांना शिव्या देत थांबत होता. "तू हो पुढे," तो म्हणाला, पण तोरगुल पुढे गेला नाही, दगरवालच्या काखेत हात घालून त्याला वर आणत राहिला. गच्चीवर ऊन होतं. अँटेना, वाळत घातलेल्या गाद्या, कुणाची तरी फुटकी बादली. समोर बीबी माहरूची टेकडी आणि तिच्यामागे धावपट्टी. पांढऱ्या पोटाचं विमान टेकडीमागून वर आलं, आणि घरघर पोचायच्या आधीच तोरगुलच्या उजव्या कानात, त्या मेलेल्या कानात, बारीक गुंजन सुरू झालं. खांदा वर गेला. पाय आपोआप फाकले, डावा पुढे. मान कलली, डावा डोळा मिटला आणि उजव्या डोळ्यात ते पांढरं पोट नेमकं, अचूक येऊन बसलं, जसं त्या सकाळी हेलिकॉप्टर बसलं होतं. तर्जनी वाकली. आणि त्याहून भयंकर म्हणजे, छातीच्या तळातून काहीतरी वर चढत आलं. त्यानं ते ओळखलं. तो आनंद होता. इतक्या वर्षांनी, तस्साच, ताजा. त्याच्या मुलीच्या दिशेनं तो वर चढत होता. तोरगुलच्या घशातून आवाज निघाला, माणसाचा नव्हे असा, आणि तो गच्चीवर मटकन बसला. उजवा हात त्यानं मांडीखाली दाबून धरला, त्यावर सगळं वजन टाकलं. "कॉम्रेड," तो म्हणाला, "मला खाली न्या. मला इथून न्या."

दगरवालनं सगळं पाहिलं होतं. तो त्याच्याशेजारी बसला, गुडघे कटकट वाजवत. मांडीखालून त्यानं तोरगुलचा हात ओढून काढला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला. घट्ट, दुखेल इतका घट्ट. "खाली नाही जायचं," तो म्हणाला. "डोळे उघड. दोन्ही उघड. बघ. आता तो डावीकडे वळेल. शहरावरच घिरट्या घेत उंची गाठतात, पुढे डोंगर आहेत ना. वळला. बघ, चांगला वैमानिक आहे, पंख किती हळू टाकला. पोरीच्या पोटातलं पाणी हललं नसेल." "किती उंचीवर आहे?" "टेकडीच्या दुप्पट. अजून नाही." "काय अजून नाही?" दगरवाल मनात नळीच्या पल्ल्याचा हिशेब करत होता. विमान कुह-ए-असमाई डोंगराच्या मागे गेलं, पुन्हा निघालं, लहान होऊन. तोरगुल दोन्ही डोळ्यांनी बघत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण त्यानं पापणी मिटली नाही. मिटली तर एकच मिटेल अशी त्याला भीती होती. खाली रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवला, कुणाच्या घरी कुकरची शिट्टी झाली, गच्चीच्या दारातून एक बाई गाद्या उलटायला आली आणि दोन म्हाताऱ्यांना हातात हात घालून बसलेलं बघून तशीच परत गेली. "तीन हजार मीटर," दगरवाल पुटपुटला. "आता इंजिनांचा आवाज बदलेल. ऐकू येतंय?" "येतंय." "आता सरळ होईल. उत्तरेला तोंड करील." विमान सरळ झालं. तांदळाच्या दाण्याएवढं. ऊन त्याच्यावर एकदा चमकलं. दगरवालच्या हातांची पकड हळूहळू सैल झाली. तोरगुलच्या कानातलं गुंजन केव्हा थांबलं ते त्यालाही कळलं नाही. कानात नुसती पोकळी होती, घरात सामान हलवल्यावर असते तशी.

"गेली," दगरवाल म्हणाला. "आता पोचायचा नाही तिच्यापर्यंत कुणाचा हात."

तोरगुल आकाशाकडे बघत राहिला. तिथे काहीच नव्हतं.

"कुणाचाच?" त्यानं विचारलं.

"कुणाचाच नाही," दगरवाल म्हणाला, आणि त्याचा हात सोडून दिला.